व्हॉल्व्हवरचा आळ

भोसरी-चाकणच्या एखाद्या शेडमध्ये एसपीएम (एका ठरावीक कामासाठी बांधलेलं मशीन) अडलं की पहिला संशयित ठरलेला असतो. ‘सोलेनॉइड गेला’ असं कुणीतरी म्हणतं, स्टोअरमधून नवा व्हॉल्व्ह निघतो, नळ्या बदलून लागतात आणि मशीन चालू होतं. जुना भंगारात. त्यातले कितीतरी निर्दोष असतात. दोष हवेचा असतो, नाहीतर तो व्हॉल्व्ह निवडणाऱ्याचा.

सर्वांत जास्त दिसतो तो ५/२ व्हॉल्व्ह, म्हणजे पाच तोंडं आणि दोन स्थिती. १ मधून हवा आत येते, २ आणि ४ सिलिंडरकडे जातात, ३ आणि ५ मधून वापरलेली हवा सुटते. सोलेनॉइडच्या कॉइलला वीज मिळाली की तिच्यातला प्लंजर उचलला जातो, पण हवेची वाट बदलणाऱ्या सरकत्या स्पूलला तो हात लावत नाही. तो पायलटचं बारीक भोक तेवढं उघडतो. स्पूल ढकलते ती लाइनमधलीच हवा. म्हणून चार-पाच वॉटची कॉइल एवढं काम उरकते. मात्र लाइनला साधारण दीड-दोन बार दाब नसेल तर कॉइल ‘टक्’ करते आणि स्पूल जागचा हलत नाही. टाकी भरायच्या आत बटण दाबणाऱ्यांना हा व्हॉल्व्ह रोज सकाळी बिघडलेला वाटतो.

निवडीत आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: पाव इंची की अर्धा इंची? खरा प्रश्न प्रवाहाचा आहे. ५० मिमी बोअर, २०० मिमी स्ट्रोकचा सिलिंडर घ्या. त्याचं पोट सुमारे ०.४ लिटरचं. ६ बारला ते भरायला पावणेतीन लिटर मोकळी हवा लागते. स्ट्रोक अर्ध्या सेकंदात हवा असेल तर मिनिटाला सुमारे ३३० लिटर. कॅटलॉगमधला आकडा याच्याशी ताडून पाहायचा, आणि त्यापुढे बारीक नळी पाच मीटर ओढून सगळा हिशोब पाण्यात घालायचा नाही.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: वीज गेली तर काय व्हावं? एका कॉइलचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने मूळ जागी परततो. दोन कॉइलचा होता तिथेच राहतो. जॉब पकडणाऱ्या क्लॅम्पला पहिला लावला, आणि वीज नसतानाची स्थिती क्लॅम्प सुटण्याची असली, तर कटर फिरत असतानाच जॉब सुटू शकतो. हे ड्रॉइंगवर ठरायला हवं. बऱ्याच ठिकाणी ते स्टोअरमध्ये काय शिल्लक आहे त्यावर ठरतं.

कॉइल जळते तेव्हाही दोष बऱ्याचदा दुसरीकडे असतो. एसी कॉइल प्लंजर ओढताना जास्त करंट घेते आणि तो बसला की कमी. कचऱ्याने प्लंजर मध्येच अडकला तर जास्तीचा करंट तसाच वाहत राहतो आणि कॉइल उडते. नवी टाकली की तीही उडते, कारण कचरा तिथेच असतो. २४ व्होल्ट डीसी कॉइलला ही खोड नाही. प्लंजर बसो न बसो, करंट तोच. नव्या मशीनवर मी तरी डीसीच घ्या म्हणेन.

आता हवा. पावसाळ्यात कंप्रेसर दमट हवा ओढतो. ती पुढे थंड झाली की पाणी सुटतं. ड्रायर नसेल, टाकीचा ड्रेन कुणी उघडत नसेल, तर ते पाणी गंज घेऊन स्पूलपर्यंत पोचतं. त्यात ल्युब्रिकेटरमध्ये हाताला लागेल ते तेल. आजचे बहुतेक व्हॉल्व्ह कारखान्यातच ग्रीस भरून येतात, त्यांना तेल लागत नाही. एकदा तेल सुरू केलं की ते ग्रीस धुऊन जातं आणि मग तेल थांबवता येत नाही. चुकीच्या तेलाने सील फुगतात. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी संपवून शुक्रवारी पहिल्या शिफ्टला अडून बसणारा स्पूल बहुधा या तेलाच्या चिकट्याचा बळी असतो.

तपास पाच मिनिटांचा आहे. मॅन्युअल ओव्हरराइड दाबा. सिलिंडर हलला तर हवेची बाजू ठीक, वायरिंग आणि कॉइल बघा. कनेक्टरचा दिवा लागला म्हणजे कॉइल जिवंत, असं नाही, मल्टिमीटर लावा. २४ व्होल्ट, ४.८ वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स १२० ओहमच्या आसपास यायला हवा. एक्झॉस्टमधून सतत हवा येत असेल तर लाइन बंद करून सिलिंडरकडच्या नळ्या काढा, २ आणि ४ प्लगने बंद करा आणि हवा सोडा. गळती थांबली तर गुन्हेगार सिलिंडरचं पिस्टन सील. सिलिंडर नुसताच मंदावला असेल तर आधी सायलेन्सर काढून पाहा. तेल आणि धुळीने तो बुजलेला असतो.

नळीला हात लावण्याआधी मात्र हवा तोडा आणि अडकलेला दाब सोडा. तीन स्थितींच्या, मधल्या स्थितीत बंद राहणाऱ्या ५/३ व्हॉल्व्हमागे लाइन बंद केल्यावरही सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली राहते, आणि ५० मिमीचा सिलिंडर ६ बारला सुमारे १२० किलोचा जोर लावतो.