दुर्बिणीचे ऑपरेशन करण्याआधी खुब्यातली फट विचारा

नालासोपाऱ्याचा रेल्वे पूल चढताना मध्येच कठडा धरून थांबणारी पन्नाशीतली माणसे आम्ही रोज पाहतो. कुणाचा गुडघा, कुणाचा खुबा. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. म्हणून कित्येकजण ते नसेचे समजून वर्षभर मलम चोळत बसतात.

अशाच एका मावशींना ओळखीच्या कुणीतरी सांगितले, "दुर्बिणीने करा, दोन-तीन छिद्रे, लगेच घरी." दागिना गहाण ठेवायचे ठरले, तेव्हा त्यांचा मुलगा आमच्याकडे आला.

हे ऑपरेशन खोटे नाही. खुब्याच्या वाटीच्या काठाला नळाच्या वायसरासारखी लवचीक कड असते. ती फाटली तर छिद्रांतून शिवता येते. हाडाचा उंचवटा वाटीला घासत असेल तर तो तासता येतो. पण झिजून गेलेली कूर्चा दुर्बिणीने परत येत नाही. गोम इथेच आहे.

अमेरिकेत कोलोरॅडोतील व्हेल येथील डॉक्टरांनी अशा १४५ रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २०१७ साली मांडला. त्यातील ५० जणांना पुढे खुबा बदलावाच लागला. वय जास्त आणि एक्स-रेत हाडांमधली फट २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अशांवर ही पाळी अधिक आली. त्यांच्याच २०१२ सालच्या अभ्यासात सगळे रुग्ण पन्नाशीचे किंवा पुढचे होते. फट शाबूत असलेल्यांपैकी शंभरात ९० जणांचा खुबा तीन वर्षांनीही टिकून होता. फट कमी असलेल्यांत ५७ जणांचाच. म्हणजे नुसते वय आडवे येत नाही, झीज येते. आणि झीज असताना दुर्बीण घातली तर खर्च दोनदा! हातावर पोट असलेल्या घराला तो कसा झेपावा?

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: माझी फट किती उरली आहे? व्यायाम आणि वजन कमी करून काही महिने पाहू का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत माझा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. संकोच कसला?

मावशींच्या एक्स-रेत फट जवळजवळ नव्हतीच. दागिना घरात राहिला. खुबा बदलण्यासाठी त्यांनी सरकारी रुग्णालयात नाव घातले आहे. तोवर काठी आहे, तीही दुखऱ्या बाजूच्या उलट हातात. आधी त्या चुकीच्या हातात धरत होत्या.