आतड्याच्या सर्जनची घडण

मोठे आतडे, गुदाशय आणि गुदद्वार यांच्या आजारांत प्रावीण्य मिळवण्यासाठी एम.एस. झालेले सर्जन वरिष्ठांच्या हाताखाली जे जादा प्रशिक्षण घेतात, ते कोलोरेक्टल फेलोशिप म्हणून ओळखले जाते. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि एम.एस.ची तीन वर्षे झाल्यावर हे शिक्षण सुरू होते. ते बहुधा एक ते दोन वर्षांचे असते.

खानदेशात सर्जरीचे शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले, तर जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये. दोन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. मूळव्याध, भगंदर, अपेंडिक्स, आतड्याची अडवणूक ही अशा ठिकाणच्या जनरल सर्जनची रोजची कामे. गुदाशयाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण मात्र परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे.

फेलोशिपचा पहिला धडा ओपीडीत मिळतो. शौचावाटे रक्त गेले की घरोघरी मूळव्याधच समजली जाते. लाजेपोटी तपासणी टळते आणि महिने निघून जातात. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ पुष्कळदा नुसत्या बोटाने तपासली तरी हाताला लागते. म्हणून बोटाची तपासणी, प्रॉक्टोस्कोपी, कोलोनोस्कोपी आणि एमआरआयचे वाचन यांवर भर असतो. गाठ कुठवर पोहोचली, आधी किरणोपचार व केमोथेरपी द्यायची का, हे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. शिकणारा सर्जनही त्या बैठकीत रुग्णाची बाजू मांडतो.

शस्त्रक्रियेतला सर्वांत नाजूक भाग ओटीपोटात असतो. गुदाशय जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा. त्याभोवती चरबी आणि लसिकाग्रंथींचे वेष्टन असते. हे वेष्टन न फाडता अखंड काढले तर कर्करोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण खूप घटते, हे इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडले. वेष्टनाला लागूनच लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसा जातात. त्या वाचवत अरुंद जागेत नेमक्या पातळीवरून पुढे सरकणे पुस्तकातून येत नाही. वरिष्ठ समोर उभे असताना पुन्हा पुन्हा केल्यानेच हात बसतो. स्टेपलरने आतडे जोडले की ओटीपोटात सलाइन भरून खालून हवा सोडतात. बुडबुडे आले तर जोड गळतो आहे, असे समजून तो लगेच दुरुस्त करतात.

काही रुग्णांना पोटावर शौचाची वाट, म्हणजे स्टोमा, करावा लागतो. त्याची जागा ऑपरेशनआधीच खुणेने ठरवतात. रुग्णाला उठवून, बसवून, वाकवून पाहतात. साडीची निरी किंवा धोतराची गाठ येते ती जागा टाळतात. पिशवी बदलायला रुग्णाला आणि घरच्यांना शिकवणे, त्यांची भीती घालवणे हेही प्रशिक्षणातच येते.

या सगळ्यातून सर्जनला मुख्यतः निर्णय शिकायला मिळतो: ऑपरेशन कधी करावे, किती करावे आणि कधी मोठ्या केंद्राकडे पाठवावे. असा सर्जन जिल्ह्यात परतला तर रक्तस्रावाचे खरे कारण लवकर कळते, झेपतील त्या शस्त्रक्रिया तिथेच होतात आणि मुंबईत ऑपरेशन झालेल्या रुग्णाला पुढच्या तपासण्यांसाठी दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही.