ब्रेकचे पेडल खाली का बसते?

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आता पुष्कळ घरी जीप, व्हॅन किंवा छोटी पिकअप गाडी असते. बेळगाव-खानापूरकडची भाजी अशाच गाड्यांतून घाट उतरून गोव्यात जाते. परतताना त्याच गाडीत घरची माणसे, मुलेबाळे बसतात. अशा गाड्यांविषयी एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो : "पेडल जरा खाली जाते, पण दोन-तीनदा दाबले की ब्रेक लागतो." बैल लंगडत असला तर आपण त्याला गाडीला जुंपत नाही. मग ब्रेक लंगडत असताना गाडी घाटात का न्यावी?

प्रथम ब्रेक कसा चालतो ते पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो व नळ्यांतील ब्रेक ऑइल ढकलतो. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. तेथे तो ब्रेक शू ड्रमवर किंवा पॅड डिस्कवर दाबतो. हा जोर वाटेत कोठेतरी हरवला, की पेडल खाली बसते. तो कोठे हरवतो, हे पेडल कसे बसते त्यावरून ओळखता येते.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा व इंजिन बंद ठेवा. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा. मग ते पायाखाली अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरा. आता खालीलपैकी काय होते ते पाहा.

१. पेडल स्पंजासारखे मऊ लागते व दाबत गेल्यास वर येते. याचा अर्थ नळीत हवा शिरली आहे. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही, तसेच हे. हवा आकसते, आणि पायाचा जोर तिलाच दाबण्यात खर्च होतो.

२. पहिल्या दाबाला पेडल फार खाली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट लागते. मागे ड्रम ब्रेक असल्यास बहुधा लायनर झिजलेले असतात किंवा शूचे ॲडजस्टमेंट सैल झालेले असते.

३. दाबून धरले असता पेडल हळूहळू फळीपर्यंत बसते. म्हणजे ऑइल कोठेतरी निसटत आहे. टाकीतील पातळी उतरली असेल तर गळती शोधा. चाकांच्या आतील बाजू, रबरी होज, नळ्यांचे सांधे व पेडलच्या वरची जागा पाहा. चाकाची आतील बाजू ओली दिसल्यास व्हील सिलिंडरची रबरे गेली असे समजावे. पातळी तशीच असून पेडल बसत असेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या आत आहे. हातपंपाचा वायसर झिजला की दांडा हलतो पण पाणी मागे घसरते, तोच हा प्रकार.

४. घरी पेडल ठीक असते, पण घाट उतरताना मऊ पडते. येथे ऑइल जुने झाले आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सियसच्या आत उकळत नाही. ओलावा धरलेले मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. तापलेल्या ब्रेकजवळ त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच आकसते.

पेडल धरून ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते थोडेसे खाली सरकले, तर तो दोष नव्हे. बूस्टर काम करीत असल्याची ती खूण आहे.

आता उपाय. नुसते ऑइल भरत राहणे हा उपाय नव्हे. ते गेले कोठे हे शोधलेच पाहिजे. व्हील सिलिंडर किंवा मास्टर सिलिंडर गळत असल्यास किट घालावे. आतून गंज वा ओरखडे असल्यास सिलिंडरच बदलावा. हे काम माहीतगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने चाकावरील निपल पान्याने सैल करून ऑइल व बुडबुडे नळीवाटे बाटलीत जाऊ द्यावेत. निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत असेच करावे. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. काही गाड्यांत क्रम निराळा असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर पुन्हा हवा शिरते. गाडी जुनी असल्यास पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेले तर मास्टर सिलिंडरची रबरे आतील गंजलेल्या भागावर घासून फाटतात. एबीएस असलेल्या गाडीचे काम गॅरेजमध्येच करावे.

ऑइल झाकणावर लिहिलेल्या जातीचेच व सीलबंद डब्यातील घ्यावे. बाटलीत काढलेले ऑइल पुन्हा भरू नये. इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल चुकूनही घालू नये. त्याने सगळी रबरे फुगून निकामी होतात. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

ब्रेक ऑइल विषारी आहे. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुफ्फुसाला घातक आहे.

आणि वाटेतच पेडल बसले तर? इंजिन बंद करू नका. पेडल भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा व गाडी चढाच्या किंवा मातीच्या बाजूला घ्या. गाडी थांबल्यावर तशीच पुढे नेऊ नका, ओढून न्या. एका दिवसाची भाजी वाया गेली तरी ते नुकसान भरून काढता येते. तेव्हा उद्या सकाळी माल भरण्यापूर्वी अर्धा मिनिट पेडल दाबून पाहा, एवढीच आमची विनंती.