कलासंस्थांतील उमेदवारी : अनुभव हवा, विद्यावेतनही हवे

‘उमेदवारी’ हा शब्द हल्ली निवडणुकीपुरता उरला आहे. पूर्वी एखाद्या पेढीवर वा छापखान्यात राहून काम शिकणे, असा त्याचा अर्थ होता. त्याची जागा आता ‘इंटर्नशिप’ने घेतली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमात अशा अनुभवाला श्रेयांकही मिळू लागले. साहजिकच छोट्या नाट्यसंस्था, कलादालने, संगीतसंग्रह यांच्याकडे विद्यार्थी विचारणा करतात. संस्थांना माणसे हवीच असतात. घोडे पैशांपाशी अडते.

मराठी कलासंस्थांची घडण हौशी आहे. पदरमोड करून नाटक उभे करावे, सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात करावी, याचा येथे अभिमान बाळगला जातो आणि तो खोटा नाही. मात्र सतरंज्या उचलणारा सभासद संस्थेचा असतो. पुढच्या नाटकाच्या निवडीत त्याचे मत विचारले जाते, उद्या त्याला भूमिकाही मिळते. दहा ते सहा बसून जुन्या ध्वनिफितींची सूची करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. ‘अनुभव मिळतो ना?’ असे त्याला ऐकवणे म्हणजे हौसेच्या नावाखाली श्रम फुकट घेणे होय. शिवाय हा अनुभव परवडतो कोणाला? ज्याचे घर पुण्या-मुंबईत आहे त्याला. नांदेडहून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा लावणाऱ्या मुलीला तो परवडत नाही. पुढे संस्थेची सूत्रे कोणाच्या हाती जाणार, हे येथेच ठरून जाते.

सरकारी योजनांचा आधार मर्यादित आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक, तर चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ऐच्छिक ठरले. पदवीधरांचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये करण्यात आले. त्यातील निम्म्या रकमेची केंद्राकडून भरपाई मिळण्याची सोयही आहे. पण एक व्यवस्थापक आणि अर्धवेळ हिशेबनीस एवढ्यावर चालणारी संस्था चारचा आकडा गाठणार कशी? २०२४ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना तर पाचशे मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती गुरूकडे कला शिकण्यासाठी आहे, संस्था चालवायला शिकण्यासाठी नव्हे.

तेव्हा तजवीज संस्थेनेच करायची. दरमहा ८,००० रुपयांप्रमाणे एका विद्यार्थ्याचे तीन महिन्यांचे २४,००० रुपये होतात. चार जणांना फुकट राबवण्यापेक्षा एकाला ही रक्कम देऊन नीट शिकवणे केव्हाही बरे. छोट्या कार्यालयात चौघांकडे लक्ष देणारे तरी कोण असते? ही रक्कम ‘इतर खर्चा’त न दडवता महोत्सवाच्या वा दस्तऐवजीकरणाच्या अंदाजपत्रकातच स्वतंत्र शीर्षाखाली मांडावी. २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत कला व संस्कृतीचा समावेश असल्याने कंपन्यांकडेही तशी मागणी करता येते.

रक्कम ठरली की एक पानी पत्र द्यावे. कालावधी, कामाचे तास, शिकवण्याची जबाबदारी कोणाची, विद्यावेतन कोणत्या तारखेला, हे त्यात लिहिलेले असावे. प्रयोग रात्री संपत असेल तर घरी परतण्याच्या रिक्षाचे भाडे वेगळे द्यावे. आणि सूची वा स्मरणिका प्रसिद्ध होईल तेव्हा ती ज्याने तयार केली त्याचे नाव तीत छापावे.