मागच्या सीटवरचे गैरसमज

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, गुजरातेतल्या उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मर्सिडीज या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. दोघंही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पालघर पोलिसांनी सांगितलं. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले.

त्या अपघाताची देशभर चर्चा झाली. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला. पण चिल्हार फाट्यावर किंवा मनोरच्या मस्तान नाक्यावर सुट्टीच्या सकाळी दहा मिनिटं उभं राहून गाड्यांत डोकावलं, तर एक गोष्ट लगेच कळते. चालकाचा पट्टा लावलेला असतो, बहुतेकदा शेजारच्याचाही. मागे मात्र मुलं दोन सीटांच्या मधल्या फटीत उभी असतात, आजीच्या अंगावर रेललेली असतात, नाहीतर आईच्या मांडीवर झोपलेली असतात. बोईसर, तारापूर, पालघरहून निघालेलं कुटुंब महालक्ष्मीला जावो, जव्हारला जावो की मुंबईला नातेवाइकांकडे, गाडीतल्या सगळ्यांत लहान माणसाला पट्टा नसतो. आईबाप निष्काळजी असतात म्हणून हे होत नाही. आपण काळजीच घेतोय, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

कारण सगळ्यांत पक्का बसलेला समज हाच आहे: मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित. घरात ते खरं असेलही, चालत्या गाडीत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि तिचा पुढचा भाग पाऊण मीटर चेपून ती थांबली, तर हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागात घडतं. तेवढ्या वेळात १० किलोचं मूल हातातून सुटू पाहतं ते सुमारे १३० किलोच्या जोराने. इतकं वजन जगातली कोणतीही आई तयारीनिशीसुद्धा धरू शकत नाही, मग बेसावध असताना कसं धरणार? आणि ५० हा गावातला वेग झाला. महामार्गावर ८० च्या वेगाला हाच धक्का अडीचपट होतो.

आईचा पट्टा बाळाच्याही अंगावरून घेणं हा उपाय तर त्याहून घातक. धडकेच्या क्षणी आईचं सगळं वजन पुढे येतं आणि मधे सापडतं ते बाळ.

बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसणारे म्हणतात, ‘आमच्या गाडीला एअरबॅग आहे.’ एअरबॅग बनते ती मोठ्या माणसाच्या मापाने. डोळ्याची पापणी लवायच्या आत, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ती बाहेर येते. पट्टा लावून, डॅशबोर्डपासून अंतर राखून बसलेल्या प्रौढाच्या छातीला ती सावरते. मांडीवरच्या बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत असतं. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नसते. तसा इशारा बहुतेक गाड्यांत समोरच्या सनव्हायजरवर चिकटवलेलाही असतो. मुलांची जागा मागे, आणि तिथे बांधलेली.

कायद्याबद्दलही अशीच धूसर समजूत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४-ब स्पष्ट सांगतं, की १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर १००० रुपये दंड होतो, आणि तो गाडी चालवणाऱ्याला.

मग लहान मुलाला मोठ्यांचाच पट्टा लावला तर? हा पट्टा प्रौढाच्या हाडांवर टेकावा म्हणून घडवलेला असतो, एक पट्टी खांद्यावर आणि दुसरी कमरेच्या हाडावर. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत वरची पट्टी गळ्यावर येते आणि खालची मऊ पोटावर. म्हणून बाळाला मागे तोंड असलेली सीट, थोड्या मोठ्या मुलाला पुढे तोंड असलेली, आणि त्यानंतर उंची वाढवणारी बूस्टर सीट लागते. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं होईपर्यंत किंवा त्याची उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत अशी सीट बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मुलांच्या सीटच्या वापराने मृत्यूंचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. सीट विकत घेताना रंग आणि खिसे बघण्याआधी नारिंगी लेबल शोधावं. त्यावर वर्तुळातलं ‘ई’ हे अक्षर दिसलं, तर ती युरोपीय सुरक्षा मानकानुसार तपासलेली आहे. आधीच्या अपघातात सापडलेली सीट कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

इथे घराघरातून एक आक्षेप येतो, ‘बांधून ठेवलं की मूल रडतं, कंटाळतं.’ यातली खरी अडचण समजून घ्यायला हवी. गाडीच्या साध्या सीटवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाची नजर खिडकीपर्यंत पोचतच नाही. त्याला दिसते समोरच्या सीटची पाठ आणि थोडं आभाळ. म्हणून ते उभं राहतं, मधल्या फटीत येतं, खिडकीशी चढतं. मुलांची सीट त्याला उंच उचलते. खिडकी डोळ्यांसमोर आली की अर्धी कटकट तिथेच संपते. सुरक्षा आणि करमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मुलाला बाहेरचं दिसू लागलं की दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभ्या केलेल्या मुलांबद्दल मात्र समजून घेण्यासारखं काहीच नाही. साधा ब्रेक लागला तरी त्या मुलाची मान आणि छाती छताच्या कडेवर आपटते. ही मौज ताबडतोब बंद व्हायला हवी.

दुसरा लाडका तोडगा म्हणजे मोबाइल. तो हातात दिला की मूल गप्प बसतं, हे खरं आहे, पण वळणाचा रस्ता लागेपर्यंतच. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारचा घाट चढायला लागलं, की त्याच मुलाला गाडी लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगत असतो की आपण हलतोय, वळतोय. पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही; दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक असतो. उपाय साधा आहे: नजर बाहेर, दूरवर, समोरच्या रस्त्याकडे. काच थोडी खाली, डोकं टेकलेलं, गाडीचा वेग एकसारखा. पुस्तक आणि चित्रकलेची वहीसुद्धा घाटात मिटलेलीच बरी.

‘उपाशी नेलं की उलटी होत नाही’ हेही चुकीचं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. निघण्याआधी थोडं कोरडं, हलकं खाणं द्यावं, वाटेत घोटघोट पाणी. तेलकट वडे परतीच्या वाटेवर खाता येतील. प्रोमेथाझिन असलेल्या उलटीच्या गोळ्या आणि औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नसतात, कारण श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्याहून मोठ्या मुलालाही डॉक्टरांना विचारूनच द्यावीत. मूल झोपावं आणि प्रवास शांततेत व्हावा, एवढ्यासाठी औषध देणं तर सरळ धोक्याचं आहे.

मग मोबाइलऐवजी करायचं काय? पालघर जिल्हा त्याबाबतीत श्रीमंत आहे. महामार्गावर महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि थेट उत्तरेपर्यंतच्या गाड्या धावतात. एमएच-४८ म्हणजे वसई, एमएच-०४ म्हणजे ठाणे, जीजे-१५ म्हणजे वलसाड, जीजे-०५ म्हणजे सुरत, डीएन-०९ म्हणजे दादरा आणि नगर हवेली. ही यादी सांगून मुलांना पाट्या शोधायला लावल्या, की मनोर ते तलासरी कधी आलं ते कळत नाही. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. फाटा बदलला की रंग बदलला का, हे मुलांनी सांगायचं. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत काळदुर्ग, मनोरच्या पुढे मेंढवण खिंडीजवळ अशेरीगड, चारोटीला महालक्ष्मीचा सुळका: आधी कोणाला दिसतो ते बघायचं. बुलेट ट्रेनच्या नियोजित १२ स्थानकांत बोईसर आहे, तर तिचं काम कुठे चाललंय ते शोधायचं. घरांच्या आणि शाळांच्या भिंतींवर वारली चित्रं दिसली की तारपा वाजवणारा नेमका कुठे उभा आहे ते ओळखायचं. गाडी थांबली की तेच दोन त्रिकोणांचं माणूस कागदावर काढायचं. गाण्यांच्या भेंड्या आणि नाव-गाव-फळ-फूल तर आहेतच, तोंडी खेळायचे. या सगळ्यांत नजर बाहेर राहते, हे त्यांचं मोठं काम. एकच अट: खेळाचा म्होरक्या मागे बसलेला मोठा माणूस असावा, गाडी चालवणारा नव्हे.

खाऊबद्दलचा समज सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही. तोंड चालू ठेवलं की मूल रमतं, म्हणून शेंगदाणे, पॉपकॉर्न, गोळ्या, चिक्की गाडीत फिरत असतात. चार वर्षांखालच्या मुलांसाठी हे सगळे घास अडकण्याचे पदार्थ आहेत. इथल्या मोसमी फळांतही ही जोखीम आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूची बी बघा: काळी, चपटी, गुळगुळीत, आणि एका टोकाला बारीकशी आकडी. ती घशात गेली तर अडकते. जूनमध्ये रस्त्यावर द्रोणात मिळणारं जांभूळही बिया काढूनच द्यावं, ताडगोळ्याचे बारीक तुकडे करावेत, आणि हे सगळं गाडी थांबवून खावं. धक्के खात चाललेल्या गाडीत घास चुकीच्या वाटेला जातो, आणि मागे वळून मुलाच्या पाठीत थापा मारायला पुढच्या माणसाला वेळही नसतो, जागाही नसते.

थांबायचं कुठे, हेही ठरवून घ्यावं. तान्ह्या बाळाला सीटमध्ये सलग दोन तासांहून जास्त ठेवू नये. त्याची हनुवटी छातीवर टेकली की श्वासाला अडचण होते. पण म्हणून महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर गाडी उभी करून मुलांना ‘शू’ला उतरवणं योग्य नाही. त्या पट्टीवरून दुचाक्या येतात, ट्रक वळतात. पेट्रोल पंप किंवा हॉटेलच्या आवारात शिरावं, मुलांना डाव्या बाजूनेच उतरवावं आणि मागच्या दारांचे चाइल्ड लॉक निघतानाच लावून ठेवावेत.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. ऊन रणरणत असतं, दर्शनाला रांग असते, आणि झोपलेल्या मुलाला कशाला उठवायचं म्हणून ‘काच थोडी उघडी ठेवलीय, पाच मिनिटांत येतो’ असं म्हणून माणसं उतरतात. २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेलं आढळलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी उघडी ठेवून जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. झोपमोड झाली तरी चालेल, मूल कडेवर घेऊनच उतरायचं. दारात उभी असलेली रिकामी गाडीही कुलूपबंद असावी, कारण लपाछपी खेळताना मुलं आत शिरतात आणि त्यांना बाहेर पडता येत नाही.

रात्री निघालं की मुलं झोपतात आणि रस्ता मोकळा मिळतो, हाही जुना हिशेब. मुलं झोपतात ती बहुधा मागच्या सीटवर आडवी, उशी घेऊन, म्हणजेच पट्ट्याविना. आणि पहाटे दोन ते सहा या वेळेत चालकाचीही झोप अनावर होते. त्यात महामार्गाच्या कडेला दिव्यांविना उभे असलेले ट्रक असतात. रात्री पुरेशी झोप घेऊन, उजाडताना निघालेलं कितीतरी बरं.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या हजारो कुटुंबांकडे मोटार नाही. त्यांची रविवारची सहल म्हणजे दुचाकीवरून चिंचणीचा किंवा नांदगावचा किनारा. मोठं मूल पुढे टाकीवर, धाकटं दोघांच्या मधे. ‘जवळच तर जायचंय’ हे इथलं नेहमीचं वाक्य. याच रस्त्यांवरून वसाहतीतले रसायनांचे टँकर आणि अवजड ट्रक दिवसभर ये-जा करतात. कायद्याने दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही त्यांच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आवश्यक झाला आहे, आणि चार वर्षांखालचं मूल सोबत असताना वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. चौघांना जायचं असेल तर रिक्षा किंवा एसटी हाच योग्य मार्ग, भले थोडा वेळ जास्त लागो.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. निघण्यापूर्वी ते फोनमध्ये घ्या, आणि मोबाइल वापरता येणाऱ्या मुलांकडून पाठ करून घ्या.