गाण्यात न आलेली माणसे

सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की वाईतल्या जुन्या वाड्यांच्या अंगणांना पुन्हा एकदा कंठ फुटतो. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात, त्याला आम्ही सातारकर हादगा म्हणतो. भिंतीवर समोरासमोर उभ्या असलेल्या हत्तींचे चित्र लागते, त्यावर फळांच्या नि फुलांच्या माळा चढतात, पोरी फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा एकच कल्ला होतो. पूर्वी पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढण सोळा दिवस चाले. आता मुलींना शिकवण्या असतात, आयांना नोकऱ्या असतात; सोळा दिवसांचा हादगा बहुतेक घरी एका शनिवारच्या संध्याकाळवर आला आहे. असो. आहे हेच पुष्कळ.

गेल्या वर्षी आमच्या अंगणात असाच फेर चालला होता. कारल्याच्या वेलाचे गाणे रंगात आले होते. ते महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर विरळा. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर त्याला कोंब फुटू दे. कोंब फुटला, तर फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग त्याची भाजी होऊ दे. अशा पायऱ्या चढत चढत अखेर सुनेची वेणीफणी होते, आमच्याकडे तरी तिला परवानगी मिळते, आणि गाणे संपते.

गाणे संपले, पण शेजारच्या बिऱ्हाडातली सात वर्षांची एक मुलगी फेर सोडून मध्येच उभी राहिली नि म्हणाली, "मग ती गेली का माहेरी?"

कोणाला काही उत्तर सुचेना. मोठ्या मुली हसल्या. मी कॉलेजात मराठी शिकवते, लोकसाहित्याचा पेपर वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. पण हा प्रश्न ना मी कधी वर्गात विचारला होता, ना मला कोणी विचारला होता. तेवढ्यात पायरीवर बसलेल्या माझ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गेली की. पण उशीर झाला." आणि खिरापतीचे बघते म्हणून त्या आत निघून गेल्या.

त्या चार शब्दांनी माझी झोप उडवली, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. पण गाण्यातून कथा कशी निघते, याचा विचार मी त्या रात्रीपासून नव्याने करू लागले, हे मात्र खरे.

आपली एक समजूत अशी असते, की ज्या गाण्यात भरपूर गोष्ट आहे, त्यातून कादंबरी सहज निघेल. सिंहगडच्या लढाईचेच पाहा. १६७० सालच्या त्या रात्रीची हकीकत घरोघर पोहोचवली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली जुन्या पोवाड्यांचा संग्रह छापून काढला, आणि पुढे १९०३ साली हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' वाचकांच्या हाती आली. पण हरिभाऊ केवळ लढाई सांगत बसले नाहीत. त्यांनी उदयभानूच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी उभी केली, आणि गडाच्या लढाईला एका असहाय बाईच्या सुटकेची ओढ लावली. शाहिराने तानाजी गायिला. कादंबरीकाराने गडाच्या आतल्या बाजूला कोण रडत असेल, याचा शोध घेतला.

मला वाटते, सारी मेख इथेच आहे. गाणे जे सांगते त्यातून कथा निघत नाही. गाणे ज्याला वगळते त्याच्यापासून कथा सुरू होते.

होनाजी बाळाची भूपाळी घ्या. ज्या घरी पहाटे रेडिओ लागे, त्या घरातल्या कोणत्याही माणसाला ती पाठ आहे. उत्तर पेशवाईतल्या या शाहिराच्या जीवनावर आणि त्या भूपाळीवर व्ही. शांतारामांनी १९५१ साली 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला. वसंत देसायांचे संगीत, पंडितराव नगरकरांचा होनाजी. १९५२ साली तो थेट कान्सच्या महोत्सवापर्यंत जाऊन आला. एका गाण्यातून केवढी मोठी कलाकृती उभी राहू शकते, याचे आपल्याकडे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तरीही वर्गात मी जेव्हा विचारते, की होनाजी बाळा हा कोण, तेव्हा निम्मी मुले एकाच माणसाचे वर्णन करतात. वास्तविक ही दोन माणसे. होनाजी शिलारखाने हा कवने रचणारा गवळी, आणि बाळा करंजकर हा ती गाणारा त्याचा जोडीदार. दोघांची नावे अशी एकजीव झाली, की बाळा हे होनाजीचे आडनावच वाटावे! मित्राच्या शब्दांना आपला गळा द्यायचा, आणि मागे उरायचे ते त्याच्या नावाचे शेपूट होऊन, हे त्या बाळाला कसे वाटले असेल? त्याला त्याचे काहीच वाटले नसेल, असेही असू शकेल. पण त्याच्यावर कादंबरी लिहायची तर या प्रश्नापासूनच प्रारंभ करावा लागेल.

आमच्या वाईच्या अंगाशीच असे आणखी एक उदाहरण आहे. पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. १९२३ साली तिथे जन्मलेला हा मुलगा शिकायला मामाकडे अमळनेरला गेला, साने गुरुजींच्या सहवासात आला, आणि पुढे त्याच्या आवाजाने महाराष्ट्र दुमदुमला. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि साबळ्यांचा गळा असलेले महाराष्ट्राचे गौरवगीत २०२३ साली राज्यगीत झाले. पण शाहिरांच्या पहिल्या पत्नी भानुमती या स्वतः कवयित्री होत्या, आणि शाहिरांसाठी त्यांनी गीते लिहिली, हे कितीजणांना ठाऊक होते? त्याच २०२३ साली केदार शिंदे यांनी आपल्या या आजोबांवर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला, तेव्हा भानुमतीबाई पडद्यावर आल्या. गाणारा दिसतो; लिहिणारी चुलीमागे राहते. कथाकाराने चुलीमागे डोकवावे.

मोठ्यांच्या काव्यातही हेच घडते. सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांचे गीतरामायण १९५५–५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गाजले. छप्पन्न गाणी, राम, सीता, कौसल्या, भरत, शबरी, अगदी शूर्पणखा आणि कुंभकर्णदेखील आपापल्या तोंडाने बोलतात. उर्मिलेला मात्र तिथे गाणे नाही. चौदा वर्षे अयोध्येत राहिलेल्या त्या सुनेचे मौन गाण्यात मावत नाही. त्याला कादंबरीच हवी.

पुन्हा आपल्या हादग्याकडे वळू. त्यातले वेड्या नवऱ्याचे गाणे सर्वांत विनोदी मानले जाते. बायकोने केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो, शेवया गांडुळे म्हणून फेकून देतो. पोरी हसून हसून वाकतात. आणि त्याच हसण्याच्या भरात पुढले कडवे येते, त्यात झोपलेल्या बायकोला मेलेली समजून तो जाळून टाकतो! मी हे गाणे लहानपणी शेकडो वेळा म्हटले असेन. त्यातली बाई मला पहिल्यांदा दिसली ती चाळिशी उलटल्यावर. दिवसभर त्या माणसापुढे रांधून, दमून, ती जराशी आडवी झाली होती. इतकेच तिचे चुकले.

अशा बायका आपल्या लोकगीतांत किती असतील? साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी अवघे आयुष्य वेचले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. जाती थांबली, ओव्या कागदावर आणि ध्वनिफितींवर उतरल्या, म्हणून वाचल्या. त्यातल्या प्रत्येक ओवीमागे पहाटेच्या अंधारात बसलेली एक बाई आहे. कथेसाठी विषय मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या आमच्या तरुण लेखकांना मी इकडे बोट दाखवते.

आणि कथा कधी गाण्यात नसते, ऐकणाऱ्यात असते. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाच्या १९१४ साली निघालेल्या 'डब्लिनर्स' या संग्रहात 'द डेड' नावाची दीर्घकथा आहे. मेजवानी संपली आहे. मंडळी घरी निघाली आहेत. वरच्या खोलीत कोणीतरी एक जुने लोकगीत म्हणते आहे, आणि जिन्यावर एक स्त्री ते ऐकत थबकली आहे. खालून तिचा नवरा तिच्याकडे पाहतो आहे. रात्री ती रडू लागते, तेव्हा त्याला कळते, की हे गाणे तिच्यासाठी एक मुलगा म्हणत असे. आजारी असताना तो तिला पाहायला पावसात येऊन उभा राहिला, आणि सतराव्या वर्षी वारला. गाण्यात त्या मुलाचा उल्लेखही नाही. पण इतकी वर्षे संसार केलेल्या बायकोच्या मनात एवढे काही होते, हे नवऱ्याला त्या गाण्यामुळे कळले.

मी ही कथा अनेकदा वाचली होती. माझ्याच घरच्या पायरीवर कोणी थबकून गाणे ऐकते आहे, हे मात्र मला दिसले नव्हते.

दिवाळीच्या आधी करंज्या करायला बसलो असताना मी धीर करून विचारले, "आई, हादग्याच्या दिवशी तुम्ही म्हणालात, उशीर झाला. ते काय?"

त्यांनी हातातली करंजी कातून ताटात ठेवली. मग सांगू लागल्या.

आमचे मूळ घर कृष्णाकाठच्या एका खेड्यात, रान हळदीचे. वाईची हळद जुन्या काळापासून नावाजलेली. आईंचे लग्न होऊन दुसरे वर्ष होते. माघात हळदीची काढणी चालली होती, आणि खटाव तालुक्यातल्या माहेराहून त्यांचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून आला. आई अंथरुणाला खिळली आहे, अक्काला पाठवा. माझ्या आजेसासूबाईंनी त्याला जेवू घातले, आणि म्हणाल्या, एवढी काढणी होऊ दे. भाऊ दोन रात्री राहून एकटाच परत गेला. काढणी झाली, मग म्हणाल्या, शिजवून होऊ दे, काहिलीपाशी माणूस नाही. शिजवून झाली, मग म्हणाल्या, वाळू दे, एवढी खळ्यावर पसरली आहे, अवकाळी आला तर वर्ष जाईल.

"मी पोचले तवा राख सावडून झाली हुती," आई म्हणाल्या.

मी काही बोलू शकले नाही. मला त्या क्षणी भिंतीवरच्या फोटोतल्या आजेसासूबाईंचा राग आला होता. तो माझ्या तोंडावर दिसला असावा, कारण आई लगेच म्हणाल्या, "ती काय वाईट न्हवती गं. हळद खरंच गेली असती. कर्ज हुतं डोक्यावर."

आणि मग त्यांनी जे सांगितले, ते कोणत्याही गाण्यात नाही. त्या वर्षानंतर आळीतल्या पोरी हादग्याला आल्या आणि कारल्याचे गाणे सुरू झाले, की आजेसासूबाई उठून आत जात. आणि दर वर्षी माघ लागला, हळदीला ऐन हात लागायच्या वेळी, त्या स्वतः सुनेचे गाठोडे बांधून ठेवीत आणि म्हणत, "जा तू. हळदीचं मी बघते."

"तिथं आई न्हवती. भावजयीच्या राज्यात आठ दिस काय करायचं?" आई हसल्या. "पण मी जायची. आत्याबाईंना बरं वाटावं म्हणून जायची."

इतकी वर्षे मी हे गाणे वर्गात सुनेच्या बाजूने शिकवत आले. सासुरवास, स्त्रीची कोंडी, माहेराची ओढ, असे मुद्दे फळ्यावर लिहीत आले. ते मुद्दे खोटे नाहीत. पण त्या गाण्यातली दुसरी बाई, जी पुन्हा पुन्हा नवी अट घालते, तिच्याकडे मी एकदाही वळून पाहिले नव्हते. गाणे संपल्यानंतर तिचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

यंदाही दिवाळीला लेकी माहेरी येतील. फराळ होईल, भाऊबीज होईल. वाचकहो, रात्री निवांत झाल्यावर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारून पाहा, तुम्हांला कोणते गाणे आवडते? आणि मग जरा थांबून हेही विचारा, की कोणते गाणे तुम्ही म्हणत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रेडिओवरही मिळते. दुसऱ्याचे फक्त तुमच्याच घरात मिळेल.

मी आईंना विचारले, "मी याची गोष्ट लिहू का?"

त्यांनी पुरीवर सारण घातले, कडा दाबल्या, आणि म्हणाल्या, "लिही की. पण तिला वाईट करू नको."