एक घास, एक पेला, पुढचा बार

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सान सेबास्तियानला बास्क लोक दोनोस्तिया म्हणतात. संध्याकाळी तिथल्या जुन्या पेठेत शिरलं की बारमागून बार लागतात आणि काउंटर ताटल्यांनी भरलेले दिसतात. पावाच्या चकतीवर मासा, खेकड्याचं सारण, हॅम, भाजलेली मिरची, आणि पुष्कळदा सगळ्याला धरून ठेवणारी एक काडी. हे पिंचो. दोन-तीन घासांत संपणारे, उभ्याउभ्या खायचे.

या पेठेनं मोठा घाव सोसलेला आहे. १८१३ मध्ये फ्रेंचांकडून शहर घेताना इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी ते लुटलं आणि जाळलं. एका रस्त्यावरची घरं तेवढी वाचली. त्या दिवसाच्या आठवणीसाठी तो रस्ता आज ‘३१ ऑगस्ट’ या नावानं ओळखला जातो, आणि खवय्यांची गर्दीही तिथे मोठी असते.

पिंचोंमध्ये मान ‘हिल्दा’चा. १९४० च्या दशकात कासा बाय्येस या बारमध्ये कुणा गिऱ्हाइकानं ऑलिव्ह, लोणच्यातली मिरची आणि खारवलेला अँचोवी एकाच काडीत ओवला, असं सांगतात. रिटा हेवर्थचा ‘गिल्डा’ हा चित्रपट १९४६ चा. त्याच्या नायिकेचं नाव, स्पॅनिश उच्चारात, या खारट, किंचित तिखट घासाला मिळालं. अँचोवी हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. कांताब्रियन समुद्रात तो मिळतो, महिनोन्महिने मिठात मुरतो आणि मग ऑलिव्ह तेलात पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर आलेल्या सिसिलियन कारागिरांनी त्या खारवण्याला वळण दिलं. मिरची इबारा गावाकडची, कोवळी आणि सौम्य, व्हिनेगरमध्ये मुरवलेली. चूल पेटवायची गरजच नाही. सगळी मेहनत आधीच झालेली असते.

सोबत चाकोली ही किंचित फसफसणारी, आंबटसर पांढरी वाइन. बाटली उंच धरून पेल्यात तिची धार सोडतात. तिचे मळे जवळच गेतारियाच्या समुद्राकडे उतरणाऱ्या टेकड्यांवर आहेत. बिअर हवी असेल तर तीही छोट्या पेल्यात, ‘सुरितो’ म्हणून.

पेला छोटा, कारण मुक्काम छोटा. मित्रांचं टोळकं (त्यांची ‘क्वाद्रिया’) सुरुवातीलाच सारखी वर्गणी काढतं आणि एका बारमध्ये एकच पेला घेऊन पुढच्या बारकडे निघतं. बिल्बाओतही हीच रीत. फार काळ हा रिवाज पुरुषांचाच होता. आता बायका, मुलं, आजी-आजोबा सगळेच त्यात दिसतात. अनेक ठिकाणी काय काय खाल्लं ते शेवटी गिऱ्हाईकच सांगतं आणि बारवाला त्यावर विश्वास ठेवतो. दक्षिणेतल्या ग्रानादात पेयासोबत तापास, म्हणजे छोटा खाऊ, फुकट येतो. इथे मात्र प्रत्येक पिंचोचे पैसे पडतात, म्हणून त्याला स्वतःच्या चवीवर उभं राहावं लागतं.

त्यातूनच प्रत्येक बारची एक ओळख पक्की होते. कुणाचे मशरूम, कुणाचं बटाट्याचं ऑम्लेट. ला बिन्याचा वरून करपवलेला चीजकेक तर जगभर नकलला गेला. १९७० च्या दशकात हुआन मारी आर्साक आणि पेद्रो सुबिहाना या बास्क शेफांच्या पिढीनं फ्रेंच शेफ पॉल बोक्यूजकडून स्फूर्ती घेऊन बास्क स्वयंपाकाची नव्यानं मांडणी केली. ती कारागिरी हळूहळू काउंटरवरही उतरली. त्यामुळे महागड्या हॉटेलात जे ताटभर मिळे, त्याच तोडीचं काही चार घासांत सामान्य माणसालाही चाखता येऊ लागलं.

आज या पेठेला धोका गर्दीचा आहे. पाहुणा मोठी प्लेट घेतो, काउंटरवरचं दिसेल ते भरतो आणि कोपऱ्यात बसून राहतो. मग बारवालाही एका हातखंडा पदार्थाऐवजी पन्नास शोभिवंत पदार्थ मांडू लागतो. लहानपणा हाच पिंचोचा प्राण आहे: तो बनवणाऱ्याला नेमकं व्हायला लावतो आणि खाणाऱ्याला उठून चार माणसांत जायला लावतो.

तेव्हा कधी दोनोस्तियाला गेलात तर प्लेट भरू नका. त्या बारची खासियत विचारा, गरम पदार्थ फळ्यावर वाचून मागवा, एक खा, पैसे द्या आणि पुढच्या दारात शिरा. तिथले लोक तसंच खातात, आणि त्यांचंच बरोबर आहे.